आईला समोर बसवून फायनल डिस्प्ले करायचा असेल तर

सोलापुरातल्या एका मुलीने विचारलं आहे. बी.एफ.ए. पेंटिंगचं शेवटचं वर्ष. घर पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. आईवरच फायनल डिस्प्ले, म्हणजे शेवटच्या वर्षाचं चित्रांचं प्रदर्शन, करायचा तिच्या मनात आहे. मार्गदर्शक म्हणतात, फिगरेटिव्ह, म्हणजे माणसांच्या आकृतींचं, काम आता जुनं झालं, आणि विडीवाल्या बायकांवर दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. तिचे प्रश्न असे : विषय बदलू का? आई बसायला तयार नाही, तर फोटोवरून रंगवलं तर चालेल का? बारा फुटी कॅनव्हाससाठी हातउसने पैसे घेऊ का? आणि अशा कामाला पैशाचा आधार देणारे पुरस्कार कुठले, त्यात माझा नंबर लागेल का?

मी सोलापुरातच वाढले, तीसेक वर्षं माणसंच रंगवते आहे, मधली काही वर्षं लाइफ क्लासही (माणूस समोर बसवून चित्र काढायचा वर्ग) घेतला आणि प्रदर्शनांच्या निवड समितीवरही बसले. त्यावरून सांगते. विषय सोडू नकोस. बारा फुटी कॅनव्हास सोड. आणि आई बसायला का तयार नाही, ते आधी नीट समजून घे. तुझ्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे अडकलेली आहेत.

‘फिगरेटिव्ह जुनं झालं’ हे वाक्य मी विद्यार्थिनी असतानाही ऐकलं होतं. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे नावाच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना ‘मंदिरपथगामिनी’ केली. नऊवारीतली, हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुण मराठी बाई, प्लास्टरमध्ये. आज तिच्यासमोर उभं राहिलं तरी साडीच्या चुण्यांखालचं पुढे पडलेलं पाऊल कळतं. म्हणजे आपल्याकडे विद्यार्थ्याने केलेलं सगळ्यात नावाजलेलं काम कुठलं, तर एक फिगरच. पुढे अमूर्त आलं, मांडणशिल्पं आली, व्हिडिओ आला, आणि त्यातलं पुष्कळ मला मनापासून आवडतं. पण १९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि आपले सुधीर पटवर्धन या सहा जणांनी ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन केलं, तेव्हा तेही हेच म्हणत होते की चित्रात माणसाला जागा हवी. पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर. लोकलमधला, टपरीवरचा, कारखान्याबाहेरचा माणूस त्यांनी असा रंगवला की त्याच्या अंगाचं वजन आपल्याला जाणवतं. त्यांचं काम छापील का होईना, समोर ठेवून महिनाभर बघ.

तुझ्या सरांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. फिगर जुनी होत नाही, पोझ जुनी होते. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, एका बाजूने येणारा पिवळा उजेड, मागे काळोख आणि डोळ्यांत पाणी. असं चित्र दर प्रदर्शनात दहा-वीस तरी असतं. फेटेवाला म्हातारा, चिलीम ओढणारा साधू, विडी वळणारी आजी. रंगवलेलं असतं कसबाने, पण त्यातल्या माणसाला चित्रकार दोनदा भेटलेला नसतो. हे लगेच कळतं.

माझंच सांगते. शेवटच्या वर्षी मी आषाढी वारीवर आठ फूट बाय पाच फुटाचं चित्र केलं होतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, वारी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे मला वाटलं विषय माझाच आहे. चाळीस-एक माणसं त्यात होती. सगळी वर्तमानपत्रांतल्या कात्रणांवरून घेतलेली. बाहेरून आलेले परीक्षक चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, “यातली एक तरी बाई तुझ्या ओळखीची आहे का?” नव्हती. ते चित्र पुढे गुंडाळून माळ्यावर गेलं. त्यात एका कोपऱ्यात तांब्या उपडा धरून पाणी पिणारी एक बाई होती, तेवढी मी स्वतः स्टँडवर बसून काढलेली. आज त्या चित्रातली तेवढीच जागा जिवंत आहे.

तुला चाळीस माणसं जमवायची नाहीत. एकच आहे, आणि ती रोज घरात आहे. तिच्याकडे चित्रकार म्हणून बघायला लाग. विडी वळताना ती मांडी घालून बसते, पुढ्यात सूप. डावा गुडघा उजव्यापेक्षा वर आहे का? पाठ भिंतीला टेकते की टेकत नाही? आठ-दहा तास मान खाली घालून काम करणाऱ्या बाईचे खांदे पुढे येतात, मानेच्या मुळाशी एक उंचवटा तयार होतो, आणि ती उभी राहिली तरी तो तसाच राहतो. म्हणजे बाजारात निघालेल्या आईच्या चित्रातसुद्धा तिचं काम दिसलं पाहिजे, सूप आणि तंबाखू न दाखवता. हे साधलं तर तुझा डिस्प्ले ‘दरवर्षी कुणी ना कुणी करतं’ त्यातला राहणार नाही.

आणि हात. पान भिजवलेलं, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापलेलं. त्यात तंबाखूची चिमूट, मग ती वळणं, दोरा, आणि शेवटी टोक दुमडताना नखावर येणारा जोर. हे सगळं किती भराभर होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुला वाटतं, हात हलतो म्हणून काढता येत नाही. उलट आहे. काम करणारा हात दर थोड्या वेळाने पुन्हा त्याच जागी येतो. तू एकच क्षण निवड, समज टोक दुमडण्याचा, आणि हात तिथे आला की दोन रेघा काढ. परत गेला की थांब. पुन्हा आला की पुढच्या दोन. तासाभरात तुझ्याकडे असा हात तयार होतो जो कुठल्याही फोटोत नसतो, कारण त्यात शंभर वेळा पाहिलेलं एकत्र आलेलं असतं. निवड समितीवर बसल्यावर मी आधी हात आणि पाय बघते. चेहरा बहुतेकांना बरा जमतो. हात पदराखाली आणि पाय फ्रेमबाहेर घालवलेले दिसले की कळतं, इथे मेहनत चुकवली आहे.

आता आई का बसत नाही. तुला वाटतं ती लाजते. लाजत असेलही. पण विडीची मजुरी हजारावर मिळते, हे तू विसरलीस का? ती तासभर स्तब्ध बसली तर त्या तासाच्या विड्या होत नाहीत. ब्रँचमध्ये, म्हणजे विड्या जमा करायच्या केंद्रात, माल कमी जातो. कुठल्याही कला महाविद्यालयात लाइफ क्लासला बसणाऱ्या माणसाला मोबदला देतात, आणि तो त्याच्या स्तब्ध बसण्याचा असतो, कारण स्तब्ध बसणं हे कष्टाचं काम आहे. एकदा स्वतः वीस मिनिटं मान न हलवता बसून बघ. तेव्हा दोन गोष्टी कर. पहिले दोन-तीन महिने तिला बसवूच नकोस. ती काम करत असताना बाजूला बसून काढ, तिचं काही थांबवू नकोस. आणि शेवटी जेव्हा खरंच स्तब्ध बसवावं लागेल, चेहऱ्यासाठी, मानेच्या वळणासाठी, तेव्हा त्या तासांचे पैसे तिला दे. आईला कसले पैसे, असं वाटेल. तीही नको म्हणेल. तरी दे. कॅनव्हासचा, रंगांचा हिशेब लिहितेस त्या वहीत पहिली ओळ मॉडेलच्या मोबदल्याची असू दे. पुरस्काराबद्दल जे सांगायचं आहे तेही या ओळीपासूनच सुरू होतं, त्याकडे येते.

फोटोबद्दल थोडं. फोटो वापरू नये असं मी म्हणत नाही, मीही वापरते. पण मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत जे पुढे असतं ते फुगतं. मांडी घालून बसलेल्या बाईचा गुडघा तिच्या डोक्याएवढा दिसतो, आणि विद्यार्थी तो तसाच रंगवतात. अडीच-तीन मीटर मागे सरक, थोडं झूम कर, कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर धर, म्हणजे तूही खाली बस. दुसरं म्हणजे फोटोत सावली सपाट काळी होते. तुमच्या घरात वरून पत्र्याच्या फटीतून उजेड येत असेल, दारातून एक येत असेल आणि फरशीवरून परत वर उठणारा तिसरा असेल. हा फरशीवरचा उजेड हनुवटीखाली, मनगटाखाली जाऊन बसतो. डोळ्यांना दिसतो, मोबाइलला दिसत नाही. म्हणून फोटो साडीच्या नक्षीसाठी, सामानासाठी घे. उजेड आणि रंग जागेवर बसून छोट्या अभ्यासचित्रांत नोंदव, वहीच्या पानाएवढ्या.

त्वचेसाठी दुकानातला तयार ‘फ्लेश टिंट’ विसर. तो आपल्या कुणाच्याच अंगाचा रंग नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, पांढरा, आणि गडदासाठी काळ्याऐवजी बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन, एवढ्यात सावळी त्वचा उत्तम होते. सावळ्या कातडीवर उजेड पडतो तिथे ती पांढरट नाही, निळसर चमकते, आणि सावलीत तांबूस होते. तपासून बघ. तंबाखूने पिवळट-तपकिरी झालेल्या बोटांच्या टोकांचा रंग वेगळा मिसळ, तोच हाताच्या रंगात काळं घालून करू नकोस.

ॲक्रिलिकमध्ये करणार असशील तर मार्च-एप्रिलचं सोलापूर लक्षात ठेव. चाळिशी पार झाली की पॅलेटवरचा रंग ब्रश उचलेपर्यंत सुकतो. ताटात ओला फडका, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढ, आणि पहाटेचं काम कर. तेलरंगात करणार असशील तर जानेवारीअखेर मोठे थर संपायला हवेत. डिस्प्लेच्या आदल्या आठवड्यात लावलेला जाड तेलाचा थर वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो, आणि त्यावर व्हार्निश मारलं की पुढे भेगा. व्हार्निशची घाईच करू नकोस, सहा महिने थांबता येतं.

बारा फुटाचा हट्ट कुठून आला, मला कळतं. डिस्प्लेच्या हॉलमध्ये भिंती मोठ्या असतात, शेजारचा दहा फुटाचं करतोय. पण केटे कोलविट्झ या जर्मन बाईची गोष्ट ऐक, ती विणकरांचीच आहे. पद्मशाली वस्तीत वाढलेल्या मुलीला ती परकी वाटणार नाही. १८९३ ते १८९७ या काळात तिने विणकरांच्या उठावावर सहा चित्रांची मालिका केली, तीन लिथोग्राफ (दगडावरून घेतलेले छाप) आणि तीन एचिंग (कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेले छाप). भुकेने खंगलेलं मूल, कट शिजतो ती खोली, निघालेला मोर्चा, मालकाच्या दारावरचा हल्ला, आणि शेवटी घरात आणून ठेवलेली प्रेतं. यातलं कुठलंच चित्र फार मोठं नाही. मोर्चाचं तर वहीच्या पानाएवढं आहे. १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही मालिका लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकाची शिफारस केली, आणि जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने ती नाकारली. पदक गेलं. ती सहा पानं मात्र आज कोलविट्झचं नाव निघालं की सगळ्यात आधी समोर येतात. मी पहिल्यांदा त्यांच्या छापील प्रती पाहिल्या तेव्हा मला आमच्या गल्लीतले मागवाले आठवले. मोर्चातली एक बाई पाठीवर झोपलेलं मूल घेऊन चालली आहे. त्या वाकलेल्या पाठीसाठी बारा फूट लागले नव्हते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनेही १८८४ मध्ये न्यूनेन गावात विणकरांच्या झोपड्यांत जाऊन कितीतरी रेखाटनं आणि तेलचित्रं केली. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत मागाची लाकडी चौकट सगळी जागा खाते आणि माणूस तिच्यात अडकल्यासारखा छोटा दिसतो. वडील यंत्रमागावर आहेत ना तुझे? मग डिस्प्लेत एक चित्र त्यांचंही होऊ शकतं, आईच्या बरोबरीने. यंत्रमागाशेजारचा माणूस हातमागाशेजारच्या माणसासारखा बसलेला नसतो, तो उभा असतो, चार-सहा मागांमध्ये फिरतो, तुटलेला धागा शोधत वाकतो. आईचं शरीर बसून घडलेलं, वडिलांचं उभं राहून. दोन्ही शेजारी टांगली तर तुला कामाबद्दल सांगणारं वेगळं निवेदन लिहावंच लागणार नाही.

माझा सल्ला असा की पाच चित्रं कर. तीन मध्यम, साधारण तीन बाय चार फुटांची, एक जरा मोठं, पण घराच्या दारातून सरळ निघेल एवढंच, आणि एक फक्त हातांचं. त्यांच्याशेजारी टेबलावर स्केचबुकं उघडी ठेव, सगळी, फसलेल्या पानांसकट. हातउसने पैसे घेऊ नकोस. जे पैसे बारा फुटांत जाणार होते त्यातून चांगला कॅनव्हास, चांगले पाच-सहा रंग आणि आईचे तास येतील.

अंगाचं वजन चित्रात उतरवायची सवय अजून कमी वाटत असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीचे दिवस वाया घालवू नकोस. यात्रेचे सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पेलायचा सराव आधीपासून चालतो, तिथे वही घेऊन जा. एवढा उंच नंदीध्वज कमरेवर तोलून चालणारा माणूस मागे किती कलतो, टाचा कशा रोवतो, मानेची कुठली शीर वर येते. तोल म्हणजे काय हे शिकायला याहून चांगला लाइफ क्लास मी अजून पाहिला नाही. मी दरवर्षी जाते. त्यांच्या अंगातल्या बाराबंदीच्या पांढऱ्या कापडात सावल्या निळ्या पडतात, तेही बघून ठेव. मोठं चित्र त्याचं करू नकोस, ते दुसऱ्या कुठल्या वर्षी.

आता पुरस्कार. यात दोन प्रकार आहेत आणि विद्यार्थी ते एकत्र करतात. एक म्हणजे झालेल्या कामाचं पारितोषिक. दुसरी म्हणजे पुढच्या कामासाठी मदत. तुला दोन्हीकडे अर्ज करायचा आहे, पण वेगळ्या मनाने.

पहिल्या प्रकारात आपल्या राज्याचं कला संचालनालय भरवतं ते महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन. त्यात विद्यार्थी विभाग वेगळा असतो. कॉलेजच्या कार्यालयात आत्ताच चौकशी करून ठेव, शेवटच्या दिवशी प्रवेशिका भरणाऱ्यांची चित्रं रांगेत भिजताना मी पाहिली आहेत. मग १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ पासूनची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, यांची वार्षिक प्रदर्शनं. बॉम्बे आर्ट सोसायटीचं १९३७ चं सुवर्णपदक अमृता शेरगिलला तीन बसलेल्या मुलींच्या चित्रासाठी मिळालं होतं. तिघींपैकी एकही आपल्याकडे बघत नाही, काही करत नाही, आणि तरी सगळं कळतं. याच सोसायटीची बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्तीही आहे. त्यातले हुसेन म्हणजे १९१५ मध्ये आपल्या पंढरपुरात जन्मलेले.

दुसऱ्या प्रकारात, केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती तुझ्या वयाला अगदी बरोबर बसते. वय १८ ते २५, दोन वर्षं, महिन्याला ५,००० रुपये. म्हणजे दोन वर्षांत १,२०,०००. पैसे सहामाही हप्त्यांनी येतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांची सोय वेगळी लागते. चित्रकला, शिल्पकला यांचा त्यात समावेश आहे. रक्कम आणि अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचूनच घे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन १९५५ पासून आहे आणि ते खास तुझ्यासारख्यांसाठीच आहे : शिकत असलेल्या किंवा नुकतीच सुरुवात केलेल्या, आणि माणूस, वस्तू, जागा ओळखू येतील असंच काम करणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांना ते मदत करतं. अमूर्त काम तिथे चालतच नाही. अर्जाला फी नाही. जगभरातून अर्ज जातात, चुरस मोठी असते, पण ‘फिगरेटिव्ह जुनं झालं’ म्हणणाऱ्यांना सांगायला ही एक चांगली गोष्ट आहे. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन तरुण भारतीय कलाकारांना पुरस्कार देतं, तिथे शैलीचं बंधन नाही. कोचीच्या बिएनालेबरोबर, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाबरोबर, २०१४ पासून स्टुडंट्स बिएनाले होतं, तिकडे तुझं स्केचबुकांचं टेबल चित्रांपेक्षाही जास्त बोलेल असं मला वाटतं.

एक धोक्याची सूचना. ऑनलाइन बरीच ‘आंतरराष्ट्रीय’ पारितोषिकं निघाली आहेत. प्रवेश फी घ्यायची आणि भरणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचं. मागच्या वर्षांतले विजेते कोण, त्यांचं काम कुठे पाहता येतं, परीक्षक कोण होते, हे तीन प्रश्न विचार. उत्तर मिळालं नाही तर ते पैसे आईच्या तासांना दे.

अर्जात सगळ्यात जास्त मुलं कुठे पडतात? चित्रांत नाही, चित्रांच्या फोटोंत. पहिल्या फेरीत आम्ही शेकडो चित्रं पडद्यावर बघतो, एकेकाला काही सेकंद मिळतात. तेलरंगावर फ्लॅश पडून पांढरा डाग, कॅनव्हास तिरका, कडेला फॅनचं पातं आणि कुणाचा तरी पाय. चित्र बाहेर उत्तरेकडच्या सावलीत उभं कर, सकाळी नऊ-दहाला. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर. चारही कडा दिसू देत, नंतर काप. रंग चित्राशी ताडून बघ, पडद्यावर गोड दिसावा म्हणून वाढवू नकोस. हातांचा एक जवळचा फोटो वेगळा दे.

निवेदन आधी मराठीत लिही, किंवा तेलुगूत, ज्या भाषेत आईशी बोलतेस त्या. ‘स्त्रीच्या शोषणाचा शोध घेणारी माझी कला’ असलं काही नको. मी असली निवेदनं इतकी वाचली आहेत की चार शब्दांनंतर डोळा पुढे सरकतो. आई किती वाजता सूप घेऊन बसते, तू कुठे बसून काढतेस, किती महिने काढलंस, आणि काढता काढता तुला तिच्याबद्दल काय नव्याने कळलं, एवढंच लिही. मग ते भाषांतर करून घे. आणि मदतीच्या अर्जात खर्चाचा तक्ता मागितला असेल तर वहीतली पहिली ओळ तिथेही पहिली लिही : मॉडेलचा मोबदला, इतके तास. मला विचारशील तर शिष्यवृत्तीचा पैसा मुख्यतः यासाठीच असतो. रंग कसेही मिळतात. समोर बसणाऱ्या माणसाचा वेळ फुकट मिळत नाही, आणि फुकट घेतला की चित्रात दिसतो.

नंबर लागेल का, हे मी सांगू शकत नाही. माझे बरेच अर्ज परत आले. आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी बायकांची चित्रं काढतात. पेन्सिल आणि कागद, एवढ्या साहित्यावर ते देशभर पोचले. भगवान रामपुरे सोलापूरचेच, मुंबईच्या शेअर बाजाराबाहेरचा तो बैल त्यांचा. म्हणजे इथून निघून लांब जाता येतं, पण दोघांच्याही कामात आधी दिसतो तो सराव. तू यंदा तीन-चार ठिकाणी अर्ज कर, तारखा भिंतीवर लिहून ठेव, आणि अर्जासाठी म्हणून चित्रात काही बदलू नकोस.

काही वर्षांपूर्वी मी एका विडी कामगार अक्कांना असंच काढलं होतं, सहा महिने. प्रदर्शनाआधी त्यांना घरी बोलावून चित्र दाखवलं. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खाली वाकून पायाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सूज धरून काढलाव की बाई माझा पाय.” मला तोवर कळलंच नव्हतं की ती सूज आहे. मी दिसलं तसं काढत गेले होते. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो.

म्हणून डिस्प्ले लावायच्या आधी आईला सगळी चित्रं दाखव, आणि एखादं लोकांसमोर नको म्हणाली तर ते काढून टाक, कितीही चांगलं झालं असलं तरी. उद्घाटनाच्या दिवशी तिची मजुरी बुडणार, तेही हिशेबात धर. आणि चित्राखालच्या पट्टीवर ‘विडी कामगार महिला, क्रमांक ३’ असं लिहू नकोस. तिचं नाव लिही. ते कसं लिहायचं, माहेरचं की सासरचं, मराठीत की तेलुगूत, ते तिलाच विचारून घे.